कॅल्शियम घेतलं, तरी हाडं का झिजली?

पत्राचा गोषवारा: सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. वय ४९, पतसंस्थेत नोकरी. ४१व्या वर्षी अंगावरून फार जात होतं म्हणून पिशवी काढली. ‘पुन्हा कटकट नको’ म्हणून त्याच वेळी दोन्ही अंडाशयही काढून टाकले. गेल्या पावसाळ्यात दारातल्या ओल्या फरशीवर पाय घसरला, हात टेकला आणि उजवं मनगट मोडलं. हाडाच्या डॉक्टरांनी हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन करून घेतला. टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडांच्या तुलनेत घनता किती उतरली ते सांगणारा आकडा; उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे हाडं ठिसूळ) मणक्यात उणे २.९ आणि खुब्यात उणे २.१ आला. ताई म्हणतात, ऑपरेशनपासून कॅल्शियमची गोळी चुकवलेली नाही, दूध आणि नाचणीचं आंबील चालू आहे, रक्तातलं कॅल्शियमही ९.४ म्हणजे नॉर्मल आहे, मग हाडं ठिसूळ झालीच कशी? सासूबाईंच्या मते दोन्ही मुलांना दोन-दोन वर्षं अंगावर पाजलं त्याचा हा परिणाम. नवऱ्याच्या मते खाण्यापिण्याची आबाळ. डॉक्टरांनी वर्षातून एकदा द्यायची झोलेड्रोनिक ॲसिडची ड्रिप सुचवली होती, पण जाऊबाईंच्या मोबाइलवर ‘या इंजेक्शनने जबडा सडतो’ असा व्हिडिओ आला आणि ताई थांबल्या. थायरॉइडची १२५ मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे, ताज्या रिपोर्टात टीएसएच ०.०८ आहे. त्या विचारतात, ‘कॅल्शियम दुप्पट करून सहा महिने वाट बघू का? आणि माझं चुकलं कुठे?’

ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण पत्रभर तोच डोकावतो आहे. तुमचं काही चुकलेलं नाही. आठ वर्षं नेमाने गोळी घेणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत. तुमच्या घरात सगळे जण, तुम्हीसुद्धा, एकच गोष्ट गृहीत धरून बोलताय: हाडं ठिसूळ झाली म्हणजे हाडांना काहीतरी कमी पडलं. तुमच्या बाबतीत मला हे मुळातच पटत नाही. हाडाला घालण्यात कमी पडलेलं नाही, हाडातून काढणारे वाढले आहेत.

हाड बाहेरून दगडासारखं दिसलं तरी ते सतत मोडत आणि बांधलं जात असतं. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग दर वर्षी नव्याने घडतो. मोडायचं काम ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी करतात, भरायचं काम ऑस्टिओब्लास्ट. नगरपालिकेच्या रस्त्याचं काम डोळ्यांसमोर आणा. खणणारी टोळी येते, पंधरवड्यात चर खणून पुढे जाते. बुजवणारी टोळी मागून येते आणि तिला तीन-चार महिने लागतात. दोन्ही टोळ्यांचा मेळ आहे तोवर रस्ता चालू राहतो. खणणाऱ्यांच्या टोळ्या दुप्पट झाल्या आणि बुजवणारे थोडेसेच वाढले, तर खडी कितीही आणून टाका, चर उघडेच राहणार. तुमची कॅल्शियमची गोळी ही ती खडी.

आता या टोळ्या दुप्पट कशा होतात ते बघू. ऑस्टिओक्लास्ट हाडात जन्माला येत नाही. तिचं मूळ रक्तात आहे. जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी ज्या घराण्यातल्या, त्याच घराण्यातल्या काही कच्च्या पेशी अस्थिमज्जेतून हाडाच्या पृष्ठभागाशी येतात. तिथे हाडाच्या पेशी त्यांना एक प्रथिन दाखवतात, त्याचं नाव रँक-लिगँड. ते कच्च्या पेशीवरच्या खोबणीत बसलं की या पेशी एकमेकींत मिसळतात आणि अनेक केंद्रकं असलेली एक मोठी पेशी तयार होते. ती हाडाला घट्ट चिकटते, कडा सगळीकडून बंद करून घेते आणि त्या बंद जागेत आम्ल सोडते. आम्लाने खनिज विरघळतं, मग एन्झाइम आतल्या कोलॅजेनच्या दोऱ्या कापतं. सूक्ष्मदर्शकाखाली तिथे बशीसारखा खळगा दिसतो. खळगा झाला की ती सरकते आणि शेजारी पुन्हा तेच. साधारण दोन आठवड्यांनी ती मरते.

याला आवर घालायला हाडाच्याच पेशी दुसरं एक प्रथिन सोडतात, ऑस्टिओप्रोटेजेरिन. ते रँक-लिगँडला मधल्यामध्ये पकडून ठेवतं, कच्च्या पेशीपर्यंत पोहोचूच देत नाही. हे प्रथिन १९९७मध्ये सापडलं आणि रँक-लिगँडचं हे काम १९९८मध्ये जपानी आणि अमेरिकन संशोधकांनी वेगवेगळं काम करत उलगडलं. तेव्हापासून हाडांच्या औषधांचं चित्र पार बदललं. तुमच्या हाडात खणणाऱ्या पेशी किती तयार होणार, हे बहुतांशी या दोन प्रथिनांच्या प्रमाणावर ठरतं. आणि ते प्रमाण हार्मोन ठरवतात.

इथे इस्ट्रोजेन येतं. अंडाशय काम करत असतात तोवर इस्ट्रोजेन रँक-लिगँड कमी ठेवतं, ऑस्टिओप्रोटेजेरिन वाढवतं, कच्च्या पेशींना चिथावणारी दाहाची रसायनं दाबून ठेवतं आणि तयार झालेल्या ऑस्टिओक्लास्टचं आयुष्यही आखूड करतं. पाळी आपसूक जाते तेव्हा हा धाक काही वर्षांत हळूहळू सुटतो. तुमचा तो ऑपरेशनच्या टेबलावर, एका दिवसात सुटला. त्यानंतर या पेशी जास्त संख्येने तयार होऊ लागल्या आणि प्रत्येक जण जास्त दिवस जगून जास्त खोल खणू लागली. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत उतरू शकते. मणका आणि मनगटाजवळचं हाड आतून जाळीदार असतं, खणायला पृष्ठभाग जास्त मिळतो, म्हणून घसारा आधी तिथेच दिसतो. तुमचं मनगट आधी मोडलं आणि मणक्याचा आकडा खुब्यापेक्षा वाईट आला, यात नवल नाही.

हे ओळखायला वैद्यकालाही वेळ लागला. बॉस्टनच्या फुलर अल्ब्राइट यांनी १९४०-४१च्या सुमारास लिहून ठेवलं की ठिसूळ हाडांचे त्यांचे पासष्टीच्या आतले रुग्ण जवळजवळ सगळे पाळी गेलेल्या बायका आहेत. मात्र त्यांचाही समज असा होता की इस्ट्रोजेन गेल्यामुळे हाड बांधणं कमी पडतं. प्रत्यक्षात बांधणंही थोडं वाढतं, पण मोडणं त्याच्या कितीतरी पुढे निघून जातं, हे नंतर कळलं. अल्ब्राइटसारख्याची ही गत, तर तुमच्या घरच्यांवर मी रागावणार नाही.

तुमच्या रिपोर्टातल्या ९.४ या आकड्याने मात्र तुम्हाला फसवलं. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडात असतं. रक्तातल्या चिमूटभर कॅल्शियमवर हृदय आणि स्नायू चालतात, म्हणून शरीर ते काहीही करून ठराविक पातळीवर ठेवतं, आणि कमी पडलं तर हाडातून उचलतं. तो आकडा नॉर्मल आहे यावरून हाडाबद्दल काहीच कळत नाही.

मग कॅल्शियम व्यर्थ का? नाही. ते बंद केलंत तर दुसरा हार्मोन खवळेल. गळ्यात थायरॉइडच्या मागे पॅराथायरॉइडच्या चार बारक्या ग्रंथी असतात. पोटात कॅल्शियम किंवा ड जीवनसत्त्व कमी गेलं की त्यांचा हार्मोन वाढतो. तो ऑस्टिओक्लास्टशी थेट बोलत नाही, ऑस्टिओब्लास्टच्या घराण्यातल्या पेशींना रँक-लिगँड वाढवायला लावतो, आणि खणणं पुन्हा जोर धरतं. गंमत म्हणजे हाच हार्मोन दिवसभर चढा राहिला तर हाड खातो, पण त्याचाच तुकडा असलेलं टेरिपॅराटाइड रोज एकदा टोचलं की हाड बांधतो. फार वाईट फ्रॅक्चर असलेल्यांना ते देतात. सांगायचा मुद्दा, तुमच्या आठ वर्षांच्या गोळ्यांनी ही दुसरी आघाडी उघडू दिली नाही. पहिली त्यांच्या आवाक्यातली नव्हतीच. खाण्यातलं आणि गोळीतलं मिळून दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम पुरे. दुप्पट केल्याने बद्धकोष्ठ आणि मुतखड्याची शक्यता वाढेल, खणणाऱ्या पेशींना त्याचं काही पडलेलं नाही. ‘ड’च्या ६०,००० युनिटच्या पुड्याही डॉक्टरांनी सांगितलेला कोर्स झाला की थांबवायच्या. ऑस्ट्रेलियात वयस्क बायकांना वर्षातून एकदाच पाच लाख युनिट देऊन पाहिले होते. २०१०मध्ये निष्कर्ष आला की त्यांच्यात पडण्याचं आणि हाडं मोडण्याचं प्रमाण उलट वाढलं.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे, ते त्यांना सांगा, बरं वाटेल. अंगावर पाजताना इस्ट्रोजेन खाली असतं, स्तनातूनही एक हार्मोन हाडातलं कॅल्शियम मोकळं करायला सांगत असतो आणि आईची हाडं खरोखर पातळ होतात. पण दूध तुटल्यावर साधारण वर्षभरात ती भरून येतात. ते नुकसान वीस वर्षं मागे राहत नाही. मुलांना पाजल्याचा दोष डोक्यावरून उतरवा.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलेला आकडा टी-स्कोअर नाही, टीएसएच आहे. टीएसएच हा थायरॉइडला कामाला लावणारा हार्मोन; अंगात थायरॉइड हार्मोन जास्त झाला की तो खाली उतरतो. ०.०८ म्हणजे थायरॉइडची गोळी तुम्हाला जास्त होते आहे. जादा थायरॉइड हार्मोन हाडाच्या मोडण्या-बांधण्याचा सगळा वेग वाढवतो आणि इस्ट्रोजेन नसलेल्या बाईत त्या वेगाचा तोटाच होतो. अंडाशय नाहीत ही गोष्ट आता बदलता येत नाही, हा डोस मात्र बदलता येतो. याच आठवड्यात रिपोर्ट घेऊन ज्यांनी गोळी दिली त्यांच्याकडे जा. आपल्या मनाने कमी करू नका. थायरॉइडच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या काही रुग्णांत टीएसएच मुद्दाम खाली ठेवतात. आणि एक विचारते, सकाळी थायरॉइडच्या गोळीपाठोपाठ चहाबरोबर कॅल्शियम घेता का? बऱ्याच जणी घेतात. दोन्हींत चार तासांचं अंतर हवं, कारण कॅल्शियम थायरॉइडची गोळी अंगी लागू देत नाही. पण हे अंतर आजपासून पाळायला लागलात तर तीच गोळी जास्त लागू पडेल आणि टीएसएच आणखी उतरेल. म्हणून वेळ बदलण्याआधी डॉक्टरांना सांगा.

आता ड्रिप. तुमचा आकडा उणे २.५च्या खाली आहे आणि उभ्या उंचीवरून पडून हाड मोडलेलं आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र असताना ‘सहा महिने वाट बघू’ हा पर्याय मला तरी दिसत नाही. वाट बघण्यात पुढचं फ्रॅक्चर मणक्याचं असू शकतं, आणि ते बऱ्याचदा न पडता, बादली उचलताना होतं.

झोलेड्रोनिक ॲसिड हाडाच्या खनिजाला चिकटून बसतं. जी पेशी ते हाड खायला येते तिच्याच पोटात ते जातं आणि तिचं काम बंद पाडतं. बाकीच्या शरीरात ते फारसं रेंगाळत नाही. २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तीन वर्षांत मणक्याची फ्रॅक्चर ७० टक्क्यांनी आणि खुब्याची ४१ टक्क्यांनी कमी झाली. जाऊबाईंचा व्हिडिओ धादांत खोटा नाही, अपुरा आहे. जबड्याचं हाड मरण्याचा त्रास होतो, पण मुख्यतः कॅन्सरच्या रुग्णांत, ज्यांना हेच औषध दर महिन्याला देतात. हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा घेणाऱ्यांत हे प्रमाण दहा हजारांत एक किंवा त्याहूनही कमी. मांडीच्या हाडाचं एक वेगळ्या प्रकारचं फ्रॅक्चरही क्वचित होतं, तेही बरीच वर्षं औषध चालू ठेवल्यावर. म्हणूनच साधारण तीन ड्रिपनंतर पुन्हा तपासून सुट्टी द्यायची की नाही ते ठरवतात. औषध हाडात मुरलेलं असल्याने सुट्टीतही काही काळ काम करत राहतं.

ड्रिपच्या आधी दातांच्या डॉक्टरांना एकदा तोंड दाखवा. दाढ काढायची असेल तर आधी काढून जखम भरू द्या. रक्तात क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळण्यासाठी), ड जीवनसत्त्व आणि पॅराथायरॉइड हार्मोन तपासून घ्या. मूत्रपिंड बरंच मंद असेल तर हे औषध देत नाहीत. ‘ड’ कमी असेल तर ते आधी भरून काढावं लागतं, नाहीतर खणणं एकदम थांबल्यावर रक्तातलं कॅल्शियम खाली येऊन हातापायांना मुंग्या आणि पेटके येतात.

ड्रिप नकोच असेल तर आठवड्याची ॲलेन्ड्रोनेटची गोळी आहे. रिकाम्या पोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, आणि मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही. ॲसिडिटीवाल्यांना ती जमत नाही. दुसरं, सहा महिन्यांनी टोचायचं डेनोसुमॅब. ते रँक-लिगँडलाच पकडतं, म्हणजे ऑस्टिओप्रोटेजेरिनचंच काम करतं. औषध उत्तम, पण तारीख चुकवणाऱ्यांसाठी नाही. ते अंगातून उतरलं की दाबून ठेवलेल्या पेशी एकदम कामाला लागतात आणि एकाच वेळी दोन-तीन मणके खचल्याची उदाहरणं आहेत. हे इंजेक्शन चालू असलेल्या वाचकांनी, ‘आता बरं वाटतंय’ म्हणून मध्येच सोडू नका. थांबवायचंच असेल तर त्याजागी दुसरं औषध ठरवूनच थांबवा. नाकात मारायचा कॅल्सिटोनिनचा फवारा कुणी सुचवला तर नको म्हणा. तो हार्मोन ऑस्टिओक्लास्टला थेट थांबवतो खरा, पण फायदा थोडा आणि कॅन्सरचा किंचित वाढीव धोका, म्हणून युरोपच्या औषध नियामकांनी २०१२मध्येच या आजारासाठी त्याचा वापर थांबवायला सांगितलं.

इस्ट्रोजेनच का देत नाहीत, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात आलं असेल. ४१व्या वर्षी अंडाशय काढल्यावर, स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळ्यांसारखी अडचण नसेल तर, निदान नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत ते द्यायचा विचार व्हायला हवा होता. त्या वेळी कुणीतरी तुमच्याशी हे बोलायला हवं होतं. ‘हार्मोन म्हणजे कॅन्सर’ ही धास्ती २००२च्या एका अमेरिकन चाचणीनंतर पसरली. त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि त्यांना दोन हार्मोन एकत्र दिले होते. पिशवी काढलेल्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं त्या गटात स्तनाचा कॅन्सर वाढला नाही. पक्षाघाताचा धोका मात्र वाढला. खुब्याची फ्रॅक्चर दोन्ही गटांत जवळपास एकतृतीयांश कमी झाली. तुमचं वय आता ४९. अजूनही गरम वाफा आणि घाम यांनी हैराण असाल तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी जरूर बोला. केवळ हाडासाठी, फ्रॅक्चर झाल्यानंतर, मी ड्रिपच आधी धरीन.

याच ओघात, पिशवी काढायचा सल्ला मिळालेल्या बायकांनो: अंडाशय कशासाठी काढताय, हे स्वतंत्रपणे विचारा. कॅन्सरचा आनुवंशिक धोका किंवा अंडाशयाचाच आजार असेल तर गोष्ट वेगळी. ‘आता कुठे मुलं हवीत’ हे कारण पुरेसं नाही, अंडाशय फक्त मुलांसाठी नसतात. २०१९मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या किती सर्रास काढल्या जातात हे बाहेर आलं, तेव्हा सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. चर्चा झाली ती बहुतेक पिशवीची. अशा ऑपरेशनांत अंडाशयही गेले असतील तर त्या बायकांची हाडं पन्नाशीत कुठे असतील, याबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

हेच प्रकरण इतर वेशांतही येतं. स्तनाच्या कॅन्सरनंतर इस्ट्रोजेन दाबणाऱ्या गोळ्या, प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी पुरुषांना देतात ती हार्मोन रोखणारी इंजेक्शनं (पुरुषाचं हाडसुद्धा बरंचसं इस्ट्रोजेनच सांभाळतं, ते टेस्टोस्टेरॉनपासून बनतं), अति डाएटिंगमुळे महिनोन्महिने पाळी न येणाऱ्या मुली. आणि स्टेरॉइड. ते खणणाऱ्या पेशींना जगवतं आणि बांधणाऱ्यांना मारतं. गुडघेदुखीवर ‘जादूसारखी’ लागू पडणारी बिनलेबलची पावडर कुणी आणून दिली असेल तर त्यात ते मिसळलेलं असण्याची दाट शंका घ्या. पण बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंद करू नका. डॉक्टरांना पुडी दाखवा, कारण स्टेरॉइड अचानक तोडणं जिवावर बेतू शकतं.

व्यायामाबद्दल थोडक्यात. रोज चाला, आठवड्यातून दोन-तीनदा हातात थोडं वजन घेऊन व्यायाम करा. मनगट पूर्ण बरं झालंय असं डॉक्टरांनी सांगू द्या, मग. योगाच्या वर्गाला जात असाल तर पश्चिमोत्तानासन, हलासन आणि पुढे वाकायची सगळी आसनं वगळा. मणका उणे २.९ असताना ती धोक्याची आहेत, शिक्षकांना रिपोर्टच दाखवा. आणि दारातल्या त्या फरशीवर आधी खडबडीत पायपुसणं टाका.

ड्रिप पंधरा-वीस मिनिटांचीच असते, त्याच दिवशी घरी येता. पण पहिल्या वेळी बऱ्याच जणांना दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी होते. त्या दिवशी भरपूर पाणी प्या आणि पॅरासिटामॉल घरात ठेवा. दुसऱ्या वर्षी हा त्रास सहसा फार कमी असतो. तुम्ही पतसंस्थेत आहात म्हणून सांगते: मार्चअखेरीच्या गडबडीत तारीख घेऊ नका, पण त्या निमित्ताने जूनपर्यंत ढकलूही नका. टीएसएच, दात आणि रक्ताच्या तपासण्या उरकल्या की पुढचाच शुक्रवार धरा, म्हणजे सोमवारी कामावर जाता येईल.